गरोदरपणातलं प्रदूषण आणि बाळाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर असताना श्वासातून, पाण्यातून, अन्नातून जे काही शरीरात जातं ते बाळापर्यंत पोचतं का, पोचलं तर काय करतं, आणि आपल्या हातात काय आहे? आई होऊ घातलेल्या बायका, त्यांचे नवरे आणि घरातली वडीलधारी माणसं हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शक्य तिथे आकडे दिले आहेत, कारण या विषयावर घाबरवणारं पुष्कळ लिहिलं जातं आणि घाबरलेल्या बाईला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

वार (प्लॅसेंटा) बाळाचं रक्षण करते ना? मग बाहेरचं प्रदूषण आत पोचतं कसं?

वार रक्षण करते, पण सगळ्यापासून नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही धरून चालत की वारेपलीकडे घातक असं फारसं काही जात नाही. थॅलिडोमाइड या औषधामुळे हातपाय न वाढलेली मुलं जन्माला येत असल्याचं १९६१ मध्ये उघड झालं आणि तो समज मोडला. अशा मुलांची संख्या हजारोंच्या घरात होती.

शिशाला वार जवळपास अडवतच नाही. नाळेच्या रक्तातलं शिशाचं प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या अगदी जवळ असतं. माशांतून येणारा मिथाइल पारा त्याहून वाईट. बाळाच्या वाढीला लागणारी अमिनो आम्लं वार ज्या वाटेने आत ओढते, त्याच वाटेने तोही आत जातो, म्हणून नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

धुळीच्या कणांबद्दल बरीच वर्षं नुसता अंदाज होता. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दिसले. २०२२ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाबरोबर केलेल्या कामात हे कण गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही सापडले. कण स्वतः आत पोचले नाहीत तरी ते आईच्या शरीरात दाह निर्माण करतात, वारेचा रक्तपुरवठा त्यामुळे कमी पडतो, आणि बाळाला त्याची झळ बसते.

मोठ्या माणसांना त्याच हवेत काही होत नाही. मग एवढ्याशा जिवालाच का?

मोठ्यांनाही होतं, फक्त उशिरा दिसतं. बाळाच्या बाबतीत अवयव अजून घडत असतात, आणि घडण्यातली चूक नंतर दुरुस्त करणं कठीण असतं. नको असलेली रसायनं मोडून टाकणारी यंत्रणाही बाळात पुरती तयार नसते. उदाहरणार्थ, काही कीटकनाशकं निष्प्रभ करणारं पॅराऑक्सोनेज हे विकर (एन्झाइम) नवजात बाळात मोठ्यांपेक्षा बरंच कमी असतं. मेंदूभोवतीचा संरक्षक पडदाही कच्चा असतो.

जन्मानंतर आणखी एक गोष्ट वाढते. वजनाच्या हिशोबात लहान मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. त्यात ते जमिनीवर रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं मोठ्या माणसाच्या शरीरात शोषलं जातं, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषलं जाऊ शकतं.

गरोदरपणातले कोणते महिने सर्वांत नाजूक?

प्रत्येक महिन्याची जोखीम वेगळी आहे. ज्यापासून मेंदू आणि मणका बनतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचं कळायच्या आतच. मुख्य अवयवांची घडण पहिल्या आठ आठवड्यांत होते. मेंदू मात्र पुढे सगळे महिने, आणि जन्मानंतरही कित्येक वर्षं, घडत राहतो. वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: सातव्या महिन्यात सुधारलेल्या गोष्टीचाही उपयोग होतो. आता उशीर झाला असं कुठल्याच टप्प्यावर नसतं.

हवेतल्या प्रदूषणामुळे बाळाला नक्की काय होतं?

सर्वांत भक्कम पुरावा दोन गोष्टींबद्दल आहे: जन्माच्या वेळी वजन कमी असणं आणि बाळ दिवस भरायच्या आत जन्मणं. यांतला दोषी प्रामुख्याने 'पीएम २.५', म्हणजे २.५ मायक्रॉनहून बारीक कण. ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरीची शिफारस दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. जगातली बहुतेक माणसं या मर्यादेपेक्षा वाईट हवेत राहतात.

कमी वजन आणि कमी दिवस हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांमध्ये हीच मोठी कारणं असतात. २०१९ या एका वर्षात जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात झालेल्या जवळपास पाच लाख मृत्यूंशी हवेचं प्रदूषण जोडलेलं आहे, असा जागतिक पातळीवरचा एक अंदाज सांगतो. त्यातला मोठा वाटा घरात लाकूड, गोवऱ्या, कोळसा जाळून होणाऱ्या धुराचा आहे.

वाचलेल्या मुलांमध्ये पुढे दमा, वारंवार होणारे श्वसनाचे आजार आणि फुप्फुसाची कमी वाढ यांचं प्रमाण जास्त दिसतं. मेंदूबद्दलचं काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रेडरिका परेरा यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलं. गरोदर बायकांच्या पाठीवर हवेचे नमुने घेणारी छोटी सॅक दोन दिवस दिली जाई, आणि मग त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला जाई. इंधन आणि कचरा जळताना तयार होणारी पीएएच गटातली रसायनं ज्या आयांच्या श्वासात जास्त होती, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक पाचव्या वर्षी सरासरीने काही गुणांनी कमी भरला. पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरातल्या मुलांमध्येही असाच कल दिसला.

हे हवेमुळेच कशावरून? गरिबी, खाणंपिणं, दगदग यांमुळे नसेल कशावरून?

हा प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनीही तो स्वतःला सतत विचारला आहे. गरीब माणसं रस्त्याच्या, कारखान्याच्या जवळ राहतात, त्यामुळे कशाचा परिणाम कोणता हे वेगळं काढणं अवघड असतं. गरोदर बाईला मुद्दाम धुरात ठेवून प्रयोग करता येत नाही. म्हणून हवा अचानक सुधारली अशा घटना शोधाव्या लागतात.

२००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये कारखाने आणि वाहनं यांवर काही आठवडे कडक बंधनं आली. ज्या बायकांचा आठवा महिना नेमका त्या काळात आला, त्यांची बाळं आधीच्या आणि नंतरच्या वर्षी त्याच तारखांच्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जास्त वजनाची भरली. त्याच शहरातल्या, तशाच घरांतल्या बायका. बदलली ती हवा.

अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत टोलनाक्यांवर गाडी न थांबवता पैसे भरायची सोय आली, रांगा संपल्या आणि धूरही कमी झाला. नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये दिवस भरायच्या आत होणारी बाळंतपणं आणि कमी वजनाची बाळं ही दोन्ही प्रमाणं, थोडं लांब राहणाऱ्यांच्या तुलनेत, १० ते १२ टक्क्यांनी घटली. तो बदल कोणी बाळांसाठी केलाच नव्हता, वाहतुकीसाठी केला होता. म्हणूनच मला तो पुरावा फार बोलका वाटतो.

चीनमधल्या तोंगलियांग इथलं कोळशावर चालणारं वीजकेंद्र २००४ मध्ये बंद झालं. आधी आणि नंतर जन्मलेल्या मुलांच्या दोन गटांची तुलना झाली, तेव्हा नंतरच्या गटाच्या नाळेच्या रक्तात प्रदूषणाच्या खुणा कमी होत्या, आणि या खुणा आणि वाढीतली पिछाडी यांच्यात आधीच्या गटात दिसलेला संबंध नंतरच्या गटात उरला नाही.

लाकूड किंवा कोळशाऐवजी गॅस वापरला तर बाळाचं वजन वाढेल?

तेवढ्यानेच वाढेल असं सांगता येत नाही. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या जणींना गॅसची शेगडी आणि मोफत गॅस मिळाला. त्यांच्या श्वासातल्या बारीक कणांचं प्रमाण दर घनमीटरला सुमारे २४ मायक्रोग्रॅम होतं, तर बाकीच्यांचं सुमारे ७०, तरीही २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा दोन गटांतल्या बाळांच्या वजनात दखल घ्यावी असा फरक नव्हता.

यावरून धूर निरुपद्रवी आहे असा अर्थ काढू नका. या बायकांना गॅस मिळाला, पण दिवस राहिल्यानंतर, आणि २४ हा आकडाही शिफारशीच्या जवळपास पाचपट आहे. शिवाय वजन हा बाळाच्या तब्येतीचा एकच मापदंड आहे. धूर जितका लवकर बंद होईल तितकं चांगलं. दिवस राहायच्या आधी झाला तर उत्तम. ते जमत नसेल तर स्वयंपाक उघड्यावर किंवा खिडकी-दार उघडं ठेवून करावा, वाळलेलंच लाकूड वापरावं, आणि गरोदर बाईच्या वाट्याचं चुलीपुढचं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं.

नवरा बाहेर जाऊन सिगारेट ओढून येतो. तेवढं चालेल ना?

घरात ओढण्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही. कपडे, केस, हात यांना चिकटलेला अंश घरात येतोच. आईने स्वतः ओढली तर बाळाचं वजन साधारण १५० ते २५० ग्रॅमने कमी भरतं, आणि दुसऱ्याच्या धुराने कमी प्रमाणात पण त्याच दिशेने परिणाम होतो. उत्तर अमेरिका आणि युरोपात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आल्यावर दिवसांआधीची बाळंतपणं सुमारे १० टक्क्यांनी घटली, मुलांची दम्यासाठीची रुग्णालयातली भरतीही तेवढीच कमी झाली.

सोडायची योग्य वेळ कोणती, असं विचारलं तर उत्तर आजच. सोडताना त्रास झाला तर नवऱ्यालाही डॉक्टरांकडे घेऊन या.

शिशाबद्दल इतकं का बोलतात? पेट्रोलमधून तर ते गेलं ना?

पेट्रोलमधून गेलं. अल्जीरिया हा वाहनांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता, आणि त्यानेही २०२१ मध्ये ते थांबवलं. त्याचा फायदा किती मोठा झाला ते अमेरिकेच्या आकड्यांत दिसतं. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसं होतं. आज ते १ च्याही खाली आहे.

पण शिसं इतर वाटांनी अजून येतं: जुन्या घरांचा रंग, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढण्याचा उद्योग, काही मातीच्या भांड्यांवरची चमकदार झिलई, जुन्या नळांचे जोड, रंग खुलवण्यासाठी मसाल्यात केलेली भेसळ, काही पारंपरिक अंजनं आणि भस्मं. जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचं प्रमाण ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असावं, असा युनिसेफचा २०२० मधला अंदाज आहे. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी आजवर सापडलेली नाही.

गरोदरपणात शिशाची एक खास अडचण आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा त्याच्यासोबत हे जुनं शिसंही रक्तात उतरतं. म्हणजे लहानपणी रंगाच्या पोपड्यांजवळ वाढलेल्या मुलीच्या शरीरातलं शिसं वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या बाळापर्यंत जाऊ शकतं. तिच्या हातून काहीही चुकलेलं नसताना.

यावर साधा उपाय आहे. आहारात कॅल्शियम पुरेसं असेल तर हाडांतून शिसं कमी सुटतं. रक्तातलं लोह कमी असेल तर आतडी शिसं जास्त शोषतात, त्यामुळे लोहाची गोळी चुकवू नये. गरोदर बाईच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं सापडलं तर ते कुठून येतंय याचा शोध घ्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन सांगतं. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांना ते वेगळं द्यावं, असंही.

आणखी एक गोष्ट, जी बायका संकोचाने सांगत नाहीत: माती, खडू, विटेचे तुकडे खावेसे वाटणं. हे डोहाळे खरे असतात, बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असतात, आणि मातीतून शिसं पोटात जाऊ शकतं. डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बाळ येणार म्हणून घराला रंग द्यायचा आहे.

जुना रंग घासायचं काम गरोदर बाईने करू नये, आणि ते चालू असताना त्या घरात राहूही नये. कोरडं घासण्यापेक्षा ओलं करून काढलं तर धूळ कमी उडते. नवा रंग शिसं नसलेला आणि पाण्यात मिसळायचा घ्या, आणि वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा.

गरोदरपणात मासे खावेत की टाळावेत? पाऱ्याची भीती वाटते.

खावेत. कोणते, एवढंच पाहावं.

भीतीमागे एक मोठी शोकांतिका आहे, ती माहीत असावी. जपानमधल्या मिनामाटा उपसागरात चिस्सो कंपनीच्या कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं सोडलं. तिथले मासे खाणाऱ्यांना झटके, लुळेपणा, आंधळेपणा येऊ लागला. १ मे १९५६ रोजी या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. त्याच वस्त्यांमध्ये जन्मतःच मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं दिसू लागली, पण त्यांच्या आया बऱ्यापैकी धडधाकट होत्या, म्हणून दोन्हींचा संबंध कोणी मानेना. ही मुलं त्याच आजाराची रुग्ण आहेत हे मान्य व्हायला १९६२ उजाडलं. आईच्या वाट्याचा पारा बाळाने झेलला होता. जपानी घरांत बाळाची नाळ वाळवून जपून ठेवतात. नंतर अशा नाळांतला पारा मोजून संशोधकांना कोणत्या वर्षी प्रदूषण किती होतं हे दाखवता आलं. कारखान्यामुळेच हे घडलं हे सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं. पाऱ्यावरचा जागतिक करार याच गावाच्या नावाने झाला, आणि २०१७ पासून तो लागू आहे.

रोजच्या खाण्यातला पारा त्याच्या मानाने फारच कमी असतो. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा झाला. तिथल्या आया व्हेलचं मांस खात, ज्यात पारा भरपूर असतो. सातव्या वर्षी या मुलांच्या भाषेत, लक्षात आणि स्मरणात सूक्ष्म उणिवा आढळल्या. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आया समुद्रातले साधे मासे खूप खात, आणि तिथल्या मुलांमध्ये तसं स्पष्ट नुकसान दिसलं नाही. माशातली ओमेगा-३ स्निग्ध आम्लं आणि इतर पोषक द्रव्यं मेंदूला हवीच असतात.

म्हणून मोठे, दीर्घायुषी, दुसरे मासे खाऊन जगणारे मासे, जसे शार्क आणि स्वॉर्डफिश, टाळावेत. लहान मासे खुशाल खावेत. अमेरिकेतला सरकारी सल्ला गरोदर बायकांना आठवड्याला साधारण सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खायला सांगतो.

घरात झुरळं, मुंग्या, ढेकूण आहेत. फवारणी करून घेऊ का?

गरोदरपणात शक्यतो नको. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजुरांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला, १९९९-२००० पासून. ज्या आयांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी निघाला. न्यूयॉर्कमध्ये घरगुती फवारणीतल्या क्लोरपायरिफॉसबद्दलही असंच आढळलं. अमेरिकेत त्याचा घरगुती वापर २००१ मध्ये बंद झाला.

फटी बुजवणं, ओल काढणं, अन्न झाकणं, चिकट सापळे आणि जेलचे ठिपके यांनी बरंच काम होतं. फवारणीला पर्यायच नसेल तर ती होताना आणि नंतर काही दिवस दुसरीकडे राहा. शेतात फवारणी करणाऱ्या माणसाने घरात शिरण्याआधी कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत, आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

पाणी उकळून पितो, मग काळजी नाही ना?

जंतूंची नाही. आर्सेनिक आणि नायट्रेट मात्र उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण वाढतं. चिलीमधल्या आंतोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकचं प्रमाण फार असलेलं पाणी मिळत होतं. त्या वर्षांत पोटात असलेल्यांमध्ये पुढे, तिशी-चाळिशीत, फुप्फुसाच्या आजारांनी होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. आर्सेनिकची शिफारस केलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

नायट्रेट खतांमधून आणि मैल्यातून विहिरीत उतरतं. त्याची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाला वरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून दिली, तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळं पडतं. विहिरीचं किंवा कूपनलिकेचं पाणी पीत असाल तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. दुसरा मार्ग नाही, कारण या दोन्हींना रंग, वास, चव काहीच नसते.

प्लास्टिकचं काय?

गरम अन्न प्लास्टिकमध्ये ठेवू नका, प्लास्टिकच्या डब्यात अन्न तापवू नका; काच आणि स्टील वापरा. बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन असलेल्या बाळाच्या दुधाच्या बाटल्यांवर युरोपीय संघाने २०११ मध्ये बंदी घातली. मात्र 'बीपीए-मुक्त' लिहिलेल्या वस्तूंत त्याची भावंडं शोभतील अशी रसायनं असू शकतात, त्यामुळे त्या शब्दावर फार विसंबू नये. वारेत सूक्ष्म प्लास्टिक सापडल्याची बातमी २०२० च्या अखेरीस इटलीतून आली. ते सापडणं खरं आहे. त्याने बाळाला काय होतं यावर अजून काम चालू आहे.

अंगावरच्या दुधातही रसायनं असतात म्हणे. पाजू की नको?

पाजा. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला या रसायनांची पूर्ण माहिती असताना दिलेला आहे. दुधात अंश सापडतात, कारण चरबीत साठणारी रसायनं दुधाच्या चरबीत उतरतात. पण दुधाने मिळणारं संरक्षण त्याहून खूप मोठं आहे. स्वीडनमध्ये आयांच्या दुधाची कित्येक दशकं तपासणी होते आहे. डीडीटी हे कीटकनाशक आणि विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी ही रसायनं यांवर बंदी आल्यानंतर दुधातलं त्यांचं प्रमाण सतत घटत गेलं. म्हणजे दूध स्वच्छ करायचं तर कारखान्याच्या आणि कायद्याच्या पातळीवर, आईच्या कुशीत नव्हे.

पाऱ्याची किंवा शिशाची मोठी विषबाधा झालेली असेल तेव्हाच डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागतं.

सगळ्या रसायनांची एकदाच तपासणी करून घेऊ का? 'डिटॉक्स' घेतलं तर?

नको. आज कोणत्याही माणसाच्या रक्तात किंवा लघवीत डझनावारी रसायनांचे अंश सापडतील. २००५ मध्ये अमेरिकेत दहा बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं तेव्हा एकूण २८७ रसायनं सापडली होती. ती सापडली याचा अर्थ त्या बाळांना आजार झाला असा नाही, आणि बहुतेकांसाठी किती पातळीवर काय करायचं हेही ठरलेलं नाही. शिशाची तपासणी वेगळी आहे: ती भरवशाची आहे आणि तिच्या निकालावर काहीतरी करता येतं. धोका असेल तर ती जरूर करा.

डिटॉक्सची चूर्णं, काढे, पायाला लावायच्या पट्ट्या यांपासून गरोदर बाईने लांबच राहावं. त्यांतल्या काहींमध्ये शिसं आणि पारा असल्याचं आढळलं आहे. शरीरातून धातू काढणारी खरी औषधं असतात, पण ती फक्त तज्ज्ञ देतात आणि गरोदरपणात फार विचाराने.

मास्क किंवा हवा गाळणारं यंत्र घेतलं तर फरक पडतो?

पडतो, काही प्रमाणात. मंगोलियाच्या उलानबातर शहरात हिवाळ्यात कोळशाच्या धुराने श्वास कोंडतो. तिथे ५४० गरोदर बायकांवर चाचणी झाली. निम्म्या जणींच्या घरात हेपा (बारीक कण अडवणारी) गाळणी असलेली यंत्रं ठेवली. चार वर्षांनी त्या घरांतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी अडीच ते तीन गुणांनी जास्त आढळला. अभ्यास लहान आहे, पण दिशा आशादायक आहे.

ओझोन किंवा 'आयन' सोडणारी यंत्रं घेऊ नका. मास्क घ्यायचा तर एन-९५, चेहऱ्याला घट्ट बसणारा. कापडी मास्कने बारीक कण अडत नाहीत. ज्यांना यातलं काही परवडत नाही त्यांनी हळहळू नये. धूर जास्त असतो त्या वेळी बाहेरची कामं टाळणं आणि रहदारीच्या रस्त्याऐवजी आतल्या रस्त्याने चालणं हेही उपयोगाचं आहे.

सात महिने कारखान्याशेजारी राहिले. माझ्या बाळाचं नुकसान झालंच असेल ना?

हा प्रश्न विचारताना आयांचा आवाज बदलतो, म्हणून याचं उत्तर नीट वाचा. वर दिलेले सगळे आकडे सरासरीचे आहेत. २३ ग्रॅम, तीन गुण, दहा टक्के हे हजारो बाळांच्या गटात दिसणारे फरक आहेत, आणि त्यावरून एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही. प्रदूषित भागात जन्मलेली बहुसंख्य बाळं दिवस भरून, चांगल्या वजनाची जन्मतात.

बाळाचा मेंदू जन्मानंतरही भराभर जोडण्या करत असतो. अंगावरचं दूध, लोहयुक्त आहार, वेळेवर लसी, आणि घरातल्या माणसांनी बाळाशी भरपूर बोलणं, गाणं, खेळणं यांचा वाढीवर मोठा परिणाम होतो, आणि हे सगळं अजून तुमच्या हातात आहे. वाढीचे टप्पे तपासायला ठरलेल्या भेटी चुकवू नका. काही मागे पडत असेल तर लवकर कळलं की मदतही लवकर मिळते.

आणि दोष स्वतःकडे घेऊ नका. घर कुठे परवडतं, नोकरी कुठे मिळते, नळाला कोणतं पाणी येतं हे बाईने एकटीने ठरवलेलं नसतं. घरातल्या कोणी तिला यावरून बोल लावला तर हा परिच्छेद त्यांनाही वाचायला द्या.

वडिलांनी काय करायचं?

शिसं, कीटकनाशकं, थिनरसारखी द्रावकं यांच्याशी काम असेल तर अंगावरची धूळ घरी आणायची नाही: कामावरच अंघोळ, बूट दाराबाहेर. मूल हवं असं ठरवतानाच हे सुरू करावं, कारण शिशाचा परिणाम पुरुषाच्या शुक्राणूंवरही होतो. घर झाडणं-पुसणं, रंग घासणं, फवारणी ही कामं गरोदर बायकोच्या हातून काढून घ्यावीत.

बाळ रांगायला लागलं. आता कशाकडे लक्ष द्यायचं?

फरशीकडे आणि हातांकडे. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी आणि झोपण्याआधी बाळाचे हात धुवा, खेळणी धुवा, खिडकीच्या चौकटीवरचे रंगाचे पोपडे बाळाच्या हाती लागू देऊ नका. शिशाचा परिणाम कमी पातळीवरही होतो: सात दीर्घ अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये केलेल्या विश्लेषणात रक्तातलं शिसं २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर जाताना बुद्ध्यंक जवळपास ४ गुणांनी उतरलेला दिसला, आणि त्यावरच्या वाढीने होणारी घट तुलनेने कमी होती. म्हणून थोडंसंच आहे असं म्हणून सोडून देऊ नये.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं? ते तर फक्त औषधांचं विचारतात.

न विचारता सांगा: दोघांचं काम काय आहे, स्वयंपाक कशावर होतो, घरात कोण धूम्रपान करतं, घर किती जुनं आहे आणि रंग निघतोय का, पाणी कुठून येतं, जवळ कारखाना, भट्टी किंवा बॅटऱ्या फोडण्याचं काम आहे का, कोणती भस्मं वा घरगुती औषधं घेता, आणि माती खावीशी वाटते का.

बाळाच्या शिशाची तपासणी सांगितली आणि बोटातून घेतलेल्या थेंबात प्रमाण जास्त आलं, तर घाबरण्याआधी शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासायला सांगा. बोटावरच्या धुळीनेही पहिला आकडा फुगलेला असू शकतो. दुसरा आकडाही जास्त आला तर औषधाआधी शिसं कुठून येतंय ते शोधायचं, आणि त्याच घरातल्या बाकीच्या मुलांची आणि गरोदर बायकांचीही तपासणी करून घ्यायची.